माळव्याची अफू आणि ग्वाल्हेर : बंदी, परवाना आणि नफा

ग्वाल्हेर संस्थानाची अफू ग्वाल्हेरात पिकत नसे. ती पिके माळव्यात, उज्जैन, मंदसौर, नीमच आणि शाजापूरच्या पट्ट्यात, राजधानीपासून शेकडो मैल नैर्ऋत्येला. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास आपला तळ उज्जैनहून हलवून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली लष्कर या ठिकाणी कायम केला. दरबार उत्तरेला गेला, पण त्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार माळव्याची काळी जमीनच राहिली आणि त्या जमिनीतले सर्वांत मोलाचे पीक अफूचे होते. आज देशातल्या प्रत्येक कायदेशीर अफूच्या शेतावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय याच शहरात, मुरारमध्ये आहे. शिंद्यांच्या अफूपासून या कार्यालयापर्यंतच्या दोनशे वर्षांत अफूवर बंदी घालणारे अनेकदा बदलले. बंदीमुळे वाढलेल्या किमतीवर कमावणारेही बदलत गेले. शिक्षा मात्र बहुतेक वेळा शेतकरी आणि माल वाहणारा यांच्याच वाट्याला आली.

पीक मोठे कष्टाचे. पाण्याची सोय असलेल्या उत्तम जमिनीत कार्तिकात खसखस पेरायची, रोपे विरळ करायची, पुन्हा पुन्हा पाणी द्यायचे. माघ-फाल्गुनात पाकळ्या गळून बोंडे भरली की दुपारनंतर अनेक पात्यांच्या बारीक हत्याराने बोंडाला उभे चिरे द्यायचे, रात्रभर पाझरलेला चीक दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून घ्यायचा. एकाच बोंडाला तीन-चार वेळा चिरा पडतो, आणि त्या दिवसांत सारे घर शेतात असते. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर वर्षाची मेहनत एका रात्रीत वाहून जाते. अशा ओलिताच्या जमिनीचा सारा कोरडवाहूच्या कितीतरी पट असे. म्हणून शेतकऱ्याला पेरणीआधीच सावकाराकडून उचल घ्यावी लागे, आणि ती फेडायला चैत्रात सगळा चीक त्याच सावकाराला त्याच्या भावाने द्यावा लागे. सावकार तो जवसाच्या तेलात ठेवून उज्जैन, मंदसौर, रतलाम, इंदूरच्या व्यापाऱ्यांकडे पोहोचवी. तिथे चीक घोटून त्याचे गोळे वळले जात आणि ते सुकवून पेट्यांत भरले जात. माळव्याच्या एका पेटीत सुमारे 140 पौंड अफू असे. शेतकऱ्यापासून मुंबईच्या बंदरापर्यंत माल पाच-सहा हातांतून जाई. पहिला हात सोडला तर बाकी प्रत्येकाला त्यात वाटा होता.

बंगालमध्ये ही साखळी वेगळी होती. तिथे ईस्ट इंडिया कंपनीने 1773 मध्ये अफूची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. पुढे पाटणा आणि गाझीपूर इथल्या एजन्सींमार्फत शेतकऱ्याला आगाऊ रक्कम, ठरलेला भाव, सरकारी कोठार आणि कलकत्त्याचा लिलाव अशी घट्ट व्यवस्था बसवली. कंपनीची अफू चीनमध्ये महाग विकली जाई, कारण दुसरा विक्रेता नव्हता. मग मुंबईहून माळव्याची अफू चीनच्या बाजारात दिसू लागली. माल स्वस्त होता, आणि तो पिकवणारे शिंदे, होळकर, पवार, कोटा, उदेपूर यांच्या मुलखातले, म्हणजे कंपनीच्या हुकुमाबाहेरचे होते. 1803 मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या सरकारने मुंबईला हा व्यापार मुळासकट बंद करण्याची सूचना केली. माळव्याच्या अफूवरचा हा पहिला मोठा प्रतिबंध. त्यामागे अफू पिणाऱ्याच्या प्रकृतीचा विचार कुठेच नव्हता. कंपनीला आपल्या मालाचा भाव सांभाळायचा होता. भारतातल्या अफूबंदीची सुरुवात एका विक्रेत्याने दुसऱ्या विक्रेत्यावर घातलेल्या बंदीने झाली, ही गोष्ट पुढचा सारा वाद समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

1818 मध्ये तिसरे इंग्रज-मराठे युद्ध संपले आणि माळवा कंपनीच्या दबावाखाली आला. आता बंदी जमेल असे कलकत्त्याला वाटले. प्रथम कंपनीने स्वतःच माळव्यात अफू खरेदी करून बाजार आपल्या हाती घेण्याचा प्रयत्न केला. एक मोठा गिऱ्हाईक उभा राहिल्याने भाव चढला, आणि भाव चढल्याने लागवड वाढली. तेव्हा 1820 च्या दशकाच्या मध्यावर दुसरा उपाय निघाला. उदेपूर, कोटा, बुंदी, होळकर अशा संस्थानिकांशी करार करून, नुकसानभरपाईच्या बदल्यात, लागवड आणि वाहतुकीवर बंधने घालण्यात आली. दौलतराव शिंद्यांनी असा करार करण्यास नकार दिला.

या नकाराने सगळी योजनाच पोकळ झाली. माळव्याच्या नकाशात शिंद्यांची, होळकरांची, धार-देवासच्या पवारांची आणि लहान ठाकुरांची गावे एकमेकांत इतकी गुंतलेली होती, की एका गावच्या शिवारात अफू चोरटी ठरे आणि ओढा ओलांडला की तीच राजरोस होई. पाहणी करणारे शिपाई, खबरे, नाकी आणि जप्त्या हा सारा सरंजाम कंपनीने उभा केला. पण तो ज्यांच्या जिवावर चालायचा त्या दरबारांचे कमाविसदार, सावकार आणि जकातदार स्वतः अफूच्या पैशावर जगत होते.

माल अडला नाही, त्याने वाट बदलली. माळव्याहून उंटांचे तांडे मारवाडातल्या पालीला जात, तिथून जैसलमेरमार्गे वाळवंट ओलांडून कराचीला, आणि कराचीहून गलबतांतून पोर्तुगीजांच्या दमणला. दमणहून जहाजे चीनकडे सुटत. एवढा वळसा, वाटेतले प्रत्येक संस्थान घेई ती जकात, सशस्त्र रखवालदार आणि विम्याचा खर्च भरूनही व्यापाऱ्यांना नफा उरे. मुंबईचे भांडवल या वाटेच्या मागे होते. जमशेटजी जीजीभाई, मोतीचंद अमीचंद, गोव्याचे रोजेरिओ द फारिया ही त्या काळच्या अफू व्यापारातली मोठी नावे. कंपनीच्या कागदोपत्री हा व्यापार चोरीचा होता. मुंबईच्या पेढ्यांत, उज्जैनच्या बाजारात आणि लष्करच्या दरबारात तो प्रतिष्ठेचा व्यापार होता.

1827 च्या मार्चमध्ये दौलतराव वारले. पुढची सहा वर्षे राज्याचा कारभार बायजाबाई शिंद्यांनी पाहिला. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही कन्या हिशेबाला पक्की म्हणून प्रसिद्ध होती. उज्जैनच्या सावकारीत तिचा स्वतःचा पैसा गुंतलेला होता. तिच्याच कारभाराच्या काळात कंपनीने माघार घेतली. बंदीवर खर्च होत होता, संस्थानिक नाराज होते आणि माल तर चीनला पोहोचतच होता. 1830-31 मध्ये बंदी उठली आणि परवान्याची पद्धत आली. माळव्याच्या व्यापाऱ्याने दर पेटीला 175 रुपये भरावेत आणि आपला माल उघडपणे मुंबईच्या बंदरात आणावा.

या परवाना शुल्काचा पुढचा इतिहास फार बोलका आहे. 175 रुपये भरण्यापेक्षा कराची-दमणचा वळसा स्वस्त पडतो असे दिसल्यावर माल पुन्हा तिकडे वळला. म्हणून 1835 मध्ये शुल्क 125 रुपयांवर आणावे लागले. सरकारला हवे तेवढे शुल्क लावता येत नव्हते. चोरट्या वाटेचा खर्च हीच त्याची कमाल मर्यादा होती. फेब्रुवारी 1843 मध्ये मियाणीची लढाई झाली, सिंध कंपनीच्या ताब्यात गेला आणि कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षी शुल्क 200 रुपये झाले, 1845 मध्ये 300 आणि 1847 मध्ये 400. पुढच्या दीड दशकात ते 600 ते 700 रुपयांपर्यंत पोहोचले. अफूची पेटी तीच, बोंडे तीच, शेतकऱ्याची मेहनत तीच. पर्यायी वाट मिटली आणि नाक्यावर बसलेल्याचा हिस्सा चौपट-पाचपट झाला. शतकाच्या उत्तरार्धात वर्षाला साधारण पस्तीस-चाळीस हजार पेट्या मुंबईहून जात होत्या, म्हणजे एकट्या माळव्याच्या अफूवर सरकारला दोन कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळत होते. त्यासाठी सरकारने एक बिघाही नांगरला नव्हता. इंदूरला अफू एजंट बसला, आणि उज्जैन, मंदसौर, रतलाम, धार अशा ठिकाणी वजनाचे सरकारी काटे लागले. वजन करून, शुल्क भरून, शिक्का मारलेल्या पेट्या आधी बैलगाड्यांनी आग्रा रस्त्याने आणि पुढे रेल्वेने मुंबईला उतरू लागल्या.

चीनमध्ये या मालावर पूर्वीपासूनच बंदी होती. 1839 मध्ये कॅन्टनला आयुक्त लिन झेश्यू यांनी परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या, तेव्हा त्यांत माळव्याचा मालही मोठ्या प्रमाणात होता. त्यातून झालेले युद्ध, 1842 चा नानकिंगचा तह आणि हाँगकाँगचा ताबा हा सर्वपरिचित इतिहास आहे. मराठी वाचकाला त्यात एक दुवा जोडून घ्यावा लागतो: त्या युद्धाला कारण झालेल्या अफूचा काही भाग शिंद्यांच्या मुलखातल्या कुणब्याने खरवडलेला होता. त्या कुणब्याला कॅन्टन कुठे आहे हे माहीत असण्याचे कारण नव्हते.

देशात मात्र इंग्रज सरकार वेगळा न्याय लावत होते. 1878 च्या अफू कायद्याने विनापरवाना लागवड, बाळगणे, वाहतूक आणि विक्री हे गुन्हे ठरले. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबई इलाख्यातली लागवड बंद झाली आणि विक्री मक्तेदारांच्या परवानाधारक दुकानांतून होऊ लागली. संस्थानात स्वस्त आणि सरहद्दीपलीकडे अबकारीमुळे महाग, अशी किमतीची दरी तयार झाली. खानदेशाच्या किंवा गुजरातच्या सरहद्दीवरून दोन शेर अफू पदरात बांधून आणणारा माणूस तुरुंगात जाई, आणि हजारो पेट्या चीनला पाठवणारा व्यापारी सरकारी दरबारात मानाच्या खुर्चीवर बसे. फरक होता तो फक्त शुल्क भरल्याच्या शिक्क्याचा.

घराघरात अफू औषध म्हणूनच शिरलेली होती. खोकला, हगवण, सांधेदुखी यांवर ती घेत. माळव्यातल्या रजपुतांत पाहुण्याला कसुंबा, म्हणजे अफूचे पाणी, देणे हा आतिथ्याचा भाग होता. मुंबईत कापडगिरण्या वाढल्यावर दिवसभर कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवत. ती सहज विकत मिळे. त्या मुलांची उपासमार आणि मृत्यू हा अफूच्या वादातला सर्वांत दुःखद भाग आहे. दोष मात्र त्या आयांवर टाकता येत नाही. बारा-बारा तास यंत्रापुढे उभी राहणारी बाई मूल कोणाच्या भरवशावर सोडणार होती?

इंग्लंडमधल्या अफूविरोधी चळवळीचा जोर वाढला तेव्हा 1893 मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. या चळवळीला पुण्याहूनही आवाज मिळाला होता. पंडिता रमाबाईंच्या सहकारी सुंदरबाई पवार यांनी इंग्लंडमध्ये अफूच्या व्यापाराविरुद्ध व्याख्याने दिली होती. आयोगाने भारतभर साक्षी घेतल्या. त्यात दरभंग्याचे महाराज लक्ष्मीश्वरसिंह आणि जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे दोन भारतीय सभासद होते. माळव्यातल्या संस्थानांची बाजू अशी, की बंदी घालायची असेल तर आमचा सारा, जकात आणि शेतकऱ्यांचे नुकसान कोण भरून देणार? अनेक देशी पुढाऱ्यांनाही अफूचे उत्पन्न गेले तर नवा कर रयतेवर बसेल अशी भीती होती. 1895 च्या अहवालाने अफूचा माफक वापर फारसा घातक नाही असे ठरवून व्यापार चालू ठेवला. हेन्री विल्सन या सभासदाने मात्र विरोधी मत नोंदवले. साक्षीदार निवडण्यात आणि साक्षी घेण्यात सरकारी यंत्रणेचा हात होता, ही विल्सनची तक्रार आज वाचतानाही रास्त वाटते.

शेवटी व्यापार बंद झाला तो चीनशी झालेल्या कराराने. 1907 मध्ये ठरले, की 1908 पासून दर वर्षी निर्यात एक-दशांशाने कमी करत दहा वर्षांत ती संपवायची. 1911 च्या नव्या कराराने हा वेग वाढला आणि 1913 मध्ये चीनला जाणारी अफू थांबली. या उतरत्या वर्षांत एक विलक्षण गोष्ट घडली. माल कमी होणार हे जाहीर असल्याने उरलेल्या प्रमाणित पेट्यांचे भाव गगनाला भिडले. मुंबई आणि इंदूरच्या सट्टाबाजारात लोक काही महिन्यांत गबर झाले. इंदूरच्या सरूपचंद हुकुमचंद पेढीचे नाव या सट्ट्यात विशेष गाजले. बंदीच्या घोषणेने साठेदाराला जेवढे दिले तेवढे शंभर वर्षांच्या उघड व्यापाराने क्वचितच दिले असेल. माळव्याच्या शेतकऱ्याकडे साठा नव्हता, त्यामुळे या तेजीतले त्याला फारसे काही मिळाले नाही. त्याच्या वाट्याला आले ते पाण्याच्या जमिनीत कापूस आणि गहू लावायचे, आणि जुन्या सावकाराचे जुने कर्ज.

माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत ग्वाल्हेर दरबाराला हे उत्पन्न गमवावे लागले. अफूतून आणि सट्ट्यातून मोकळा झालेला व्यापारी पैसा मात्र लवकरच दुसरीकडे वळला, गिरण्यांकडे. ग्वाल्हेरची जियाजीराव कॉटन मिल 1921 मध्ये दरबाराच्या पाठिंब्याने बिर्लांनी उभारली. या कुटुंबाच्या मुंबईतल्या आरंभीच्या व्यापारात इतर मालाबरोबर अफूही होती. इंदूर, उज्जैन आणि मुंबईच्या अनेक जुन्या उद्योगांच्या भांडवलाचा माग काढला तर तो असाच खसखशीच्या शेताशी जाऊन पोहोचतो. दानधर्म, धर्मशाळा, रुग्णालये यांच्या पाट्यांवर हे लिहिलेले नसते.

निर्यात गेली तरी लागवड संपली नाही, आणि संस्थानांतून ब्रिटिश मुलखात जाणारी चोरटी अफू ही 1920 च्या दशकातली मोठी डोकेदुखी झाली. 1926 मध्ये हिंदुस्थान सरकारने औषधाखेरीज इतर कामासाठी होणारी निर्यात 1935 पर्यंत संपवण्याचे जाहीर केले. 1927 मध्ये संस्थानिकांशी सिमल्यात बोलणी झाली. 1930 मध्ये घातक औषधांचा कायदा आला आणि त्याच दशकात नीमचला अफूचा कारखाना उभा राहिला. मक्तेदारीचे बंगाली तंत्र दीडशे वर्षांनी माळव्यात पोहोचले ते असे.

स्वातंत्र्यानंतर 28 मे 1948 रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि इतर संस्थाने मिळून मध्य भारत राज्य झाले. 1949 च्या अखिल भारतीय अफू परिषदेने औषधाबाहेरचा वापर दहा वर्षांत संपवण्याचे ठरवले. 1950 मध्ये लागवड आणि उत्पादनाचा ताबा केंद्र सरकारने घेतला. नार्कोटिक्स आयुक्तांचे मुख्यालय आधी सिमल्यात होते, ते 1960 मध्ये ग्वाल्हेरला आले. ज्या शिंद्यांनी कंपनीशी करार नाकारला त्यांच्या राजधानीतून आता माळव्यातल्या अफूच्या जमिनीच्या प्रत्येक आरीचा (हेक्टरच्या शंभराव्या भागाचा) हिशेब होऊ लागला. पुढच्या वर्षी, 1961 मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा मादक पदार्थांविषयीचा एकल करार झाला. औषधासाठी बोंडाला चिरा देऊन काढलेली अफू कायदेशीरपणे निर्यात करणारा देश म्हणून भारताचे स्थान वेगळे राहिले.

आजची व्यवस्था थोडक्यात अशी. केंद्र सरकार दर हंगामाआधी धोरण जाहीर करते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या पात्र शेतकऱ्यांना दहा आरींच्या आसपासचे पट्टे मिळतात. 2023-24 च्या हंगामात असे सुमारे 1.12 लाख शेतकरी पात्र होते. गावातल्या लंबरदाराकडे, म्हणजे नेमलेल्या मुखियाकडे, रोजच्या चिकाची नोंद होते, अधिकारी शेत मोजतात आणि शेवटी सगळी अफू सरकारी काट्यावर द्यावी लागते. अलीकडच्या वर्षांत सरकारी भाव किलोला नऊशेच्या आतबाहेरपासून साडेतीन हजार रुपयांपर्यंत राहिला आहे, चोरट्या बाजारात त्याच्या कितीतरी पट मिळतो. उत्पादन ठरलेल्या पातळीखाली गेले तर पुढच्या वर्षी पट्टा जाण्याची भीती, आणि अफू मागे ठेवली तर गुन्हा, अशा दोन धोक्यांत हा शेतकरी उभा असतो.

त्या गुन्ह्याची शिक्षा 1985 मध्ये एकदम वाढली. आधीच्या कायद्यांत कमाल शिक्षा तीन वर्षे आणि पुन्हा गुन्हा केल्यास चार वर्षे होती. नार्कोटिक ड्रग्ज अँड सायकोट्रॉपिक सब्स्टन्सेस कायद्याने ती किमान दहा आणि कमाल वीस वर्षे केली, किमान एक लाख रुपये दंडासह. परवानाधारक शेतकऱ्याने केलेल्या अपहारालाही हीच शिक्षा आहे. 1989 मध्ये काही पुनर्गुन्ह्यांसाठी फाशी अनिवार्य झाली आणि जामीन जवळजवळ अशक्य झाला. सुरुवातीला मालाच्या प्रमाणाचा भेद फारसा नव्हता. अल्प, मध्यम आणि व्यापारी अशी पायरी 2001 च्या दुरुस्तीने आली. अफूसाठी 25 ग्रॅमपर्यंत अल्प, अडीच किलोच्या वर व्यापारी. अनिवार्य फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जून 2011 मध्ये घटनाबाह्य ठरवली, आणि 2014 च्या दुरुस्तीने ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोडली. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोफानसिंग खटल्यात असा निर्णय दिला, की नार्कोटिक्स अधिकाऱ्यांपुढे दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येणार नाही. तोवर पस्तीस वर्षे असे जबाब हा अनेक शिक्षांचा कणा होता.

1985 च्या कायद्याचा सर्वांत क्रूर परिणाम तुरुंगाबाहेर झाला. परवान्यांची गुंतागुंत आणि शिक्षेची धास्ती यांमुळे दवाखान्यांनी अफूपासून मिळणारे वेदनाशामक मॉर्फिन ठेवणेच सोडले. जो देश जगाच्या औषध कंपन्यांना अफू पुरवत होता, त्याच देशात कर्करोगाचे रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दशके चिकाटीने पाठपुरावा केला, त्याला 2014 च्या दुरुस्तीत यश आले आणि आवश्यक वेदनाशामकांसाठी नियम देशभर एकसारखे व सोपे झाले. तरीही जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत ती सोय पुरती पोहोचलेली नाही.

डोडाचुऱ्याची, म्हणजे बोंडाच्या भुश्श्याची, राज्यांच्या ठेक्यावरची विक्री 2016 मध्ये थांबली. ज्या मालाचा ठेका कालपर्यंत लिलावात जात होता, तो बाळगणे आज गुन्हा झाला, आणि 50 किलोच्या वर सापडला तर तो व्यापारी प्रमाणाचा. दुसरीकडे, 2021-22 पासून चिरा न देता सबंध बोंड सरकारला देण्याचे पट्टे सुरू झाले. त्यात शेतकऱ्याच्या हाती चीक येतच नाही, त्यामुळे चोरीची संधीही कमी होते. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांपुरते असलेले अल्कलॉइड काढण्याचे काम 2022 पासून खासगी औषध कंपन्यांसाठीही खुले झाले. मंदसौर-नीमचच्या गावांत चिरा देण्याचे पट्टे आणि सबंध बोंडाचे पट्टे आता शेजारी शेजारी आहेत. कोणत्या शेतकऱ्याला कोणता पट्टा मिळेल याचे निकष दिल्लीहून जाहीर होतात आणि त्यांची अंमलबजावणी ग्वाल्हेरच्या कार्यालयाकडून होते.